सेवेची जाहिरात करायची कशी?

"अगं, बारा खाटांपैकी आठ रिकाम्या आहेत. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला बरोब्बर येतो!"

बेंगळुरूच्या हेब्बाळहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला तेव्हा ती हसत होती, पण ते हसू वरवरचे आहे हे मला कळत होते. ताईचे माहेर बेळगावचे. वीस वर्षे तिने इस्पितळात सिस्टर म्हणून काढली. भावजी फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायूचा झटका आलेले, खुब्याचे हाड मोडलेले, इस्पितळातून तर घरी पाठवलेले, पण घरी सांभाळता न येणारे असे रुग्ण दोघांनी जन्मभर पाहिलेले. अशा लोकांसाठी आपणच एक छोटे केंद्र काढावे म्हणून दोघांनी तीन वर्षांपूर्वी साठवलेला पैसा आणि वर कर्ज घालून केम्पापुराच्या बाजूला एक मजला भाड्याने घेतला. रीतसर नोंदणी झाली, खाटा आल्या, समांतर दांड्या बसल्या, वॉकर आले. रुग्णच तेवढे आले नाहीत.

"कामात काही कमी आहे का?" मी विचारले.

"कामात कमी असती तर कळलं तरी असतं. आम्ही इथे आहोत हेच कुणाला ठाऊक नाही."

माझी आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे मोतीही विकले जात नाहीत. ताई-भावजींची जात न बोलणाऱ्यांची. त्यांच्यासाठी कुणीतरी बोलायला हवे होते. तेव्हा त्यांनी, आजकाल बरेच जण करतात तसे, एक मार्केटिंग सल्लागार शोधला. त्यातून जे घडले ते वाचकांना सांगण्यासारखे आहे. ज्यांना असे केंद्र, दवाखाना किंवा वृद्धाश्रम चालवायचा आहे त्यांना, आणि ज्यांना कधी ना कधी आपल्या माणसासाठी असे ठिकाण शोधावे लागणार आहे, म्हणजे आपणा सर्वांनाच.

हेब्बाळच का?

बेंगळुरूच्या उत्तरेला, बळ्ळारी रस्त्यावर, जुन्या तळ्याच्या काठी वसलेले हे गाव. पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठामुळे माहीत असलेले. १९७३ साली इथे बॅप्टिस्ट हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा आजूबाजूला शेतीच अधिक होती. हे इस्पितळ अमेरिकन मिशनने उभारले आणि १९८९ पासून त्याची जबाबदारी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने घेतली. २००३ मध्ये उड्डाणपूल झाला. २००५ मध्ये कोलंबिया एशिया या परदेशी समूहाने आपले भारतातील पहिले इस्पितळ हेब्बाळलाच काढले. २०२१ मध्ये ते मणिपाल समूहाकडे गेले. २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि त्या रस्त्याचे भाग्यच पालटले.

मोठे झाड वाढले की त्याच्या सावलीत लहान रोपे येतात, तसे मोठ्या इस्पितळांभोवती लहान व्यवसाय उभे राहतात. घरी आया आणि नर्स पुरवणारे, खाट आणि ऑक्सिजनची नळकांडी भाड्याने देणारे, रक्त तपासणारे, वृद्धांना दिवसभर सांभाळणारे. मोठ्या इस्पितळाकडे जाहिरातीचा वेगळा विभाग असतो, पगारी माणसे असतात. लहानांना ते परवडत नाही. म्हणून स्वतंत्र सल्लागार. एकेकाळी औषध कंपनीत किंवा इस्पितळाच्या जनसंपर्क खात्यात काम केलेली ही मंडळी आता स्वतःच्या हिमतीवर चार-पाच ठिकाणची कामे घेतात. कुणी महिन्याच्या बोलीवर, कुणी कामापुरते. कल्पना चांगली आहे. वर्षभर माणूस पोसण्यापेक्षा गरजेपुरता अनुभव विकत घ्यायचा.

पण घ्यायचा कुणाकडून?

पहिले गृहस्थ

पहिले सल्लागार आले ते मोठ्या मोटारीतून, हातात दोन मोबाइल. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले, "तीन महिन्यांत तुमच्या सगळ्या खाटा भरून देतो." त्यांनी ना खाटा पाहिल्या, ना रुग्णांशी बोलले. त्यांची फी दोन भागांत होती. थोडी रक्कम आगाऊ आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे ठरावीक टक्का. "शिवाय," ते म्हणाले, "जे डॉक्टर रुग्ण पाठवतील त्यांचंही काहीतरी बघावं लागेल. त्याची तरतूद वेगळी ठेवा."

ताई म्हणते, "मला तिथेच उठायला हवं होतं. पण रिकाम्या खाटांकडे बघून माणसाची बुद्धीही रिकामी होते."

डॉक्टरांना पाकीट द्यायला तिने नकार दिला. बाकीचे मान्य केले. महिन्याभरात रंगीत हँडबिले आली, वर्तमानपत्रातून घरोघर पडली. केंद्राच्या नावाने फेसबुकचे पान निघाले. हँडबिलावर लिहिले होते, 'लकवा हमखास बरा!' भावजींनी ते वाचले आणि कपाळाला हात लावला. पण दहा हजार प्रती छापून झाल्या होत्या.

खरा घाव पुढे बसला. केंद्रातल्या एका आजोबांचे छायाचित्र त्या पानावर झळकले. झटक्याने तोंड एका बाजूला ओढलेले, अंगात केंद्राचा गाऊन, आणि शेजारी दुसरे छायाचित्र, त्यात तेच आजोबा वॉकर धरून उभे. वर शब्द, 'बघा फरक!' आजोबा जन्मभर कडक इस्त्रीच्या शर्टाशिवाय बाहेर न पडलेले अधिकारी. त्यांच्या परदेशातल्या मुलीला ते चित्र तिच्या मैत्रिणीने पाठवले. त्या रात्री मुलीचा फोन आला तेव्हा ती ओरडली नाही. नुसती रडली. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब आजोबांना घेऊन गेले.

ताई त्यांच्या घरी माफी मागायला गेली. आजोबांच्या पत्नीने तिला कॉफी दिली, नीट बोलल्या, पण शेवटी एवढेच म्हणाल्या, "ते कुणालाही भेटायला तयार नाहीत." ते कुटुंब पुन्हा केंद्राकडे आले नाही.

छायाचित्र काढून टाका असे सांगायला फोन केला, तर सल्लागार महाशय आठ दिवस सापडेनात. पान त्यांच्या नावावर, त्याची गुप्तखूण त्यांच्याकडे, हँडबिलावरचा मोबाइल क्रमांकसुद्धा त्यांनीच घेतलेला. आपल्याच दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! उरलेली रक्कम दिल्यावरच ती किल्ली परत मिळाली.

कायदा काय सांगतो

अनेकांना वाटते, जाहिरात म्हणजे साबणाची काय नि दवाखान्याची काय, सारखीच. तसे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीनुसार डॉक्टरने किंवा डॉक्टरांच्या संस्थेने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे नीतीला सोडून आहे. वर्तमानपत्रात सूचना देता येते ती मोजक्या कारणांसाठी, जसे की नवा दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी जाणार आहे किंवा परत आलो, फी जाहीर करायची आहे. दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचे छायाचित्र छापणे हीसुद्धा आत्मप्रौढी मानली आहे. अवाजवी मोठी पाटीही चालत नाही. आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे तर साफ मना आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू करण्यात आले.

भावजी फिजिओथेरपिस्ट, ही नियमावली त्यांना थेट लागू नाही. पण रुग्ण पाठवणारे डॉक्टर तिच्या कक्षेत येतात. म्हणजे ते पाकीट घेणाऱ्याच्या गळ्याला फास आणि देणाऱ्याच्या अब्रूला डाग.

आपल्या महाराष्ट्रातही हा विषय गाजला आहे. २०१७ साली मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने एक फलक लावला, त्याचा आशय असा की आमच्याकडे प्रामाणिक सल्ला मिळेल, डॉक्टरांना कमिशन दिले जात नाही. हृदयशल्यविशारद डॉ. रमाकांत पांडा यांचे हे इस्पितळ. डॉक्टरांच्या संघटनेने त्या फलकाला आक्षेप घेतला, वादळ उठले, आणि त्यातूनच राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा करवून घेतला. एका फलकाने एवढे होऊ शकते! 'कमिशन देत नाही' एवढे लिहिल्याबरोबर कुणाकुणाला टोचले, यातच सारे आले.

'हमखास बरे' हे शब्दही जपून वापरायचे असतात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार विषयक कायद्याने कितीतरी आजारांची यादीच दिली आहे. त्यात कर्करोग आहे, मधुमेह आहे, मोतीबिंदू आहे, लकवाही आहे. अमुक औषधाने हे आजार बरे होतात अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. तरीही रिक्षाच्या पाठीवर तसल्या जाहिराती आपण रोज वाचतो. भावजी औषध विकत नव्हते, व्यायाम शिकवत होते. पण खोटी आशा ती खोटी आशाच. त्यांनी उरलेली सारी हँडबिले रद्दीत घातली. रद्दीवाल्यानेच काय तो त्यातून नफा कमावला.

दुसऱ्या बाई

दुसऱ्या सल्लागार मिळाल्या त्या ताईच्या जुन्या मेट्रनकडून. हुबळीच्या, त्यामुळे मराठी उत्तम समजणाऱ्या. एका मोठ्या इस्पितळाच्या जनसंपर्क विभागात त्यांनी बरीच वर्षे काढली होती आणि सासूच्या आजारपणात ती नोकरी सोडून स्वतंत्र काम धरले होते. त्या बसने आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमची पाटी करंजाच्या फांदीआड गेलीय. मी दोनदा पुढे जाऊन परत आले."

खाटा कधी भरतील, असे भावजींनी विचारले. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी पंधरा दिवस मला इथे बसू द्या. त्याचे पैसे घेईन. पंधरा दिवसांनी वाटलं की माझा उपयोग नाही, तर तसं सांगून जाईन."

भावजींना हे काही पटले नाही. बसायचे पैसे? पण ताई म्हणाली, "आपणही रुग्णाला हात लावण्याआधी तपासतोच ना? त्याची फी घेतोच ना?"

बाईंनी करारपत्र स्वतःच लिहून आणले. दोन पाने. तीन महिन्यांची मुदत, महिन्याला ठरावीक फी, रुग्णामागे टक्का नाही. काय करणार ते लिहिलेले, काय करणार नाही तेही लिहिलेले. डॉक्टरांना भेटवस्तू नाही, रुग्णाचे नाव वा छायाचित्र लेखी संमतीशिवाय नाही, आणि संमती दिली तरी ती कधीही परत घेता येईल. फेसबुकचे पान, फोन क्रमांक, छापखान्यातली मूळ प्रत, हे सारे केंद्राच्या मालकीचे. रुग्णांच्या फायली बाई पाहणार नाहीत. कुणालाही नको वाटले तर एक महिन्याची सूचना देऊन मोकळे. ताईने ते पत्र माझ्याकडे पाठवले. मी आमच्या ओळखीच्या वकिलांना दाखवले. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला आणि परत दिले.

मग त्यांनी फोनशेजारी एक वही ठेवली. फोन कुणाचा, कुठून, किती वाजता, आणि पहिला प्रश्न काय विचारला. एवढेच लिहायचे. औषधाच्या दुकानात मिळते तसली साधी आडव्या रेघांची वही. पण तिने सारे चित्र पालटले.

पहिली गोष्ट कळली ती वेळेची. बहुतेक फोन रात्री आठनंतरचे. साहजिकच आहे. दिवसभर मुलगा-सून कामावर, संध्याकाळी घरी येणार, जेवणे आटोपणार, म्हाताऱ्यांचा विषय निघणार तो त्यानंतर. मुलगी परदेशात असेल तर तिचाही फोन तेव्हाच. आणि नेमका त्या वेळी केंद्राचा फोन रात्रपाळीच्या पोराजवळ असे. तो म्हणे, "सकाळी करा." सकाळी कुणीच करत नसे. इतके दिवस ताई म्हणत होती की लोकांना आपण ठाऊकच नाही. लोकांना ठाऊक होते. लोक दार वाजवत होते, आत झोप लागली होती.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. भावजींना वाटे, लोक यंत्रे विचारतील. हँडबिलावर त्यांनी यंत्रांची नावे ओळीने छापली होती. वहीत मात्र पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आलेला. "रात्री बाथरूमला कोण नेणार?" त्या खालोखाल, "आम्हाला रोज भेटता येईल का?" आणि मग, जरा घुटमळत, "एकूण खर्च किती?" यंत्राबद्दल पंधरा दिवसांत एकाने विचारले, आणि तो यंत्रे विकणारा निघाला!

तिसरी गोष्ट ताईला माहीत असायला हवी होती, पण ती सवयीने दिसेनाशी झाली होती. इस्पितळात सकाळी डॉक्टर फेरीवर येतात आणि सांगतात, "उद्या घरी न्या." घरच्यांच्या हाती एक दुपार असते. त्या दुपारी ते डॉक्टरला विचारत नाहीत, डॉक्टर गेलेले असतात. ते विचारतात इस्पितळातल्या वैद्यकीय समाजसेविकेला, वॉर्डच्या सिस्टरला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोला. पहिल्या गृहस्थांनी पाकिटे ज्यांच्यासाठी मागितली होती, ते या दुपारी तिथे नसतातच.

का येत नाहीत, हे आधी

हे वाचताना मला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची आठवण झाली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी ११ खाटांचे इस्पितळ काढले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली, तरी त्याच हातांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. गावोगाव शिबिरे भरवली, मोतीबिंदू झालेल्यांना सांगितले की शस्त्रक्रिया फुकट करू. तरी पुष्कळ लोक येईनात. फुकट मिळणारी दृष्टी माणूस नाकारतो का? चौकशी केली तेव्हा कळले की बसचे भाडे नाही, शहरात जेवायचे कुठे हे ठाऊक नाही, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि मुख्य म्हणजे एकट्याने जायची भीती वाटते. मग इस्पितळाने गाडी आणि जेवण दिले, एका गावचे लोक मिळून नेले. 'फुकट' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहून जे झाले नसते, ते बसच्या तिकिटाने झाले.

सरकारलाही हे उमगले होते. १९६८ साली 'निरोध' बाजारात आले ते सरकारी दवाखान्याच्या कपाटातून नव्हे. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल गावोगावच्या दुकानांत पोहोचवणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून ते गेले. किंमत १५ पैशांना तीन. संकोच वाटणाऱ्या माणसाला दवाखान्याची पायरी चढण्यापेक्षा पानपट्टीवर मागणे सोपे, हे कुणीतरी ओळखले होते. कर्नाटकाच्या यशस्विनी योजनेत शेतकऱ्यांना शस्त्रक्रियेचा विमा २००३ पासून महिना ५ रुपयांत मिळू लागला, तो सहकारी सोसायट्यांच्या मार्फत. शेतकऱ्याच्या ओळखीचा सोसायटीचा सचिव सांगतो, मग विश्वास बसतो.

एका कागदावर

बाईंनी तीन महिन्यांत केले ते फार दिसणारे नव्हते. पाटी फांदीच्या बाहेर आणली. रात्री आठ ते दहा फोन ताईने स्वतः घ्यायचा असे ठरले. गूगलच्या नकाशावर केंद्र मागच्या गल्लीत दिसत होते, ते दुरुस्त केले. रुग्णवाहिका कुठून वळेल तेही लिहिले. आणि एक कागद छापला. पाठपोट एकच. कन्नड, हिंदी, इंग्रजी आणि, ताईच्या हट्टासाठी थोड्या प्रती, मराठी.

त्या कागदावर होते ते असे. रात्री किती माणसे जागी असतात. भेटीच्या वेळा. जेवण कोण करते. दर किती, तो तर कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याप्रमाणे भिंतीवर लावावाच लागतो, मग कागदावर का लपवायचा? आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरात, आम्ही काय करू शकत नाही. श्वासाच्या यंत्रावरचे रुग्ण घेऊ शकत नाही. तातडीचा उपचार करू शकत नाही. बरे होण्याची हमी देऊ शकत नाही.

भावजी उखडले. "आपल्या उणिवा आपणच छापायच्या? त्यासाठी हिला पैसे द्यायचे?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हा कागद रुग्णासाठी नाही, समाजसेविकेसाठी आहे. चुकीच्या ठिकाणी रुग्ण पाठवला तर बोल तिला लागतो. कुणाला पाठवू नये हे तिला कळलं, तरच ती कुणाला तरी पाठवील."

एका मुद्द्यावर मात्र ताई आणि बाईंची चांगलीच जुंपली. पाठीला मोठे व्रण झालेले रुग्ण घेऊ नका, असा बाईंचा सल्ला होता. त्यांच्यावर सर्वांत जास्त वेळ जातो, दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते, जखम लवकर भरत नाही आणि लोक म्हणतात, इथेच झाली. हिशेबाने त्यांचे बरोबर होते. पण ताईने ऐकले नाही. "त्यांना तर कुणीच घेत नाही. मीही नाही म्हटलं, तर हे काढलं कशासाठी?"

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग तेच सगळ्यात वर लिहू. पण रात्रीची एक मावशी वाढवावी लागेल, आणि हवेच्या गाद्या. पैसे आहेत?"

पैसे नव्हते. ताईने बांगड्या गहाण ठेवल्या. ते मला तिने सहा महिन्यांनी सांगितले.

शनिवारी दुपारी केंद्रात एक वर्ग सुरू झाला. रुग्णाला कूस कशी बदलवायची, खुर्चीत कसे बसवायचे, घशात अडकू नये असे कसे भरवायचे, हे घरच्या माणसांना फुकट शिकवायचे. ज्यांचा रुग्ण घरीच आहे, ज्यांना केंद्राची गरज नाही, तेही येऊ लागले. पुढे भावजींनीच कबूल केले की खरे तर हीच जाहिरात आहे, फक्त तिला जाहिरात म्हणवत नाही.

खाटा भरल्या का? सगळ्या नाहीत. कधी नऊ, कधी सात. मागच्या पावसाळ्यात एकदा बाराही. हप्ता मात्र वेळेवर जातो आणि बांगड्या सुटल्या.

आपल्या माणसासाठी शोधताना

हा लेख वाचणाऱ्यांपैकी केंद्र चालवणारे थोडे आणि शोधणारे पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी बाईंनी जाता जाता सांगितलेल्या काही गोष्टी. रंगीत पत्रकावर जाऊ नका; रात्री नऊला फोन करा आणि कोण उचलतो ते पाहा. 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे भिंतीवर असतील, तर ती कुणाच्या परवानगीने लावली असे विचारा, कारण उद्या तुमच्या वडिलांचेही छायाचित्र तिथे लागू शकते. हमी देणाऱ्याकडून उठून या. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दरपत्रक भिंतीवर आहे का बघा. जमले तर एक अख्खी दुपार तिथे बसा. चारच्या चहाला रुग्णांशी कोण कसे बोलते ते ऐकले की बरेच कळते.

बेंगळुरूत वडीलधाऱ्यांसाठी १०९० या क्रमांकाची मदतसेवा २००२ साली शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी मिळून सुरू केली. आता देशभरासाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठी शहरात १९९९ पासून 'करुणाश्रय' हे सेवाघर आहे आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ही नावे मला ताईच्या त्या फोनशेजारच्या वहीत सापडली. आपल्याकडे बसत नसलेल्या माणसाला कुठे पाठवायचे, हे बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहवून घेतले होते.

मागच्या दिवाळीत मी हेब्बाळला गेले. बाईंचा करार केव्हाच संपला होता. त्यांनीच सांगितले, आता दर महिन्याला माझी गरज नाही, तीन महिन्यांनी एकदा येईन. त्या संध्याकाळी त्या फराळाला आल्या होत्या. भावजी त्यांना आग्रहाने चकली वाढत होते आणि अजून एकदा तो कागद दाखवून सांगत होते की उणिवा छापायची कल्पना मूळ त्यांचीच. बाई हसून मान डोलावत होत्या.

साडेआठला फोन वाजला. ताईने हातातली करंजी ताटात ठेवली, पदराला बोटे पुसली आणि वही पुढे ओढली.

"हो, मी सिस्टरच बोलतेय. नाही, झोपले नव्हते. सांगा ना... रात्री दोघी जाग्या असतात. हो, बाथरूमला त्याच नेतात."